मोलोग्याहून वाहत आलेलं घर

झोया त्रोफीमोव्हना स्वेर्दलोव्स्क शहरात ट्राम चालवायची. वीस वर्षं चालवली. डेपोत तिच्याबद्दल तक्रार एकच यायची, आणि तीही वर्षातून चार-पाच वेळा: बाई थांब्यावर फार वेळ लावते. गाडीतून लहान मूल उतरायचं असलं की झोया आरशात डोळे लावून बसायची. मूल खाली उतरलं, फुटपाथवर चढलं, दोन पावलं लांब गेलं, मगच दारं मिटायची. मागून लोक ओरडत, "अहो बाई, आज पोचवणार की उद्या?" ती वळूनही बघायची नाही.

घरी तिची दोन मुलं होती. झेन्या आठ वर्षांची, रोद्या पाच वर्षांचा. रस्त्यावरून जाताना ती त्यांचा हात धरत नसे, मनगट धरायची. हात घामाने निसटतो, मनगट निसटत नाही. मुलांच्या मनगटांवर कधीकधी लाल वळ उठायचे आणि नवरा कुरकुरायचा, "अगं, पोरं आहेत की पकडलेले चोर?"

नवरा आर्काडी यंत्रांच्या कारखान्यात आराखडे काढायचा. गोलमटोल, हसरा, गळ्यात सदा कॅमेरा अडकवलेला माणूस. झोयाने बत्तिसाव्या वर्षी लग्न केलं ते बहुतेक त्याच्या हसण्याकडे बघून. त्या हसण्यामागे काही दडलेलं नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं. तिच्या स्वतःच्या मागे काय आहे हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. एवढंच सांगितलं होतं की आई रिबिन्स्कला असते, वडील युद्धात गेले, आम्ही मूळचे मोलोग्याचे. मोलोगा म्हणजे व्होल्गेच्या काठचा तो गाव, जो धरणाच्या पाण्याखाली गेला. ते तसं सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून आर्काडीनेही खोदून विचारलं नाही.

एकोणीसशे बहात्तरच्या उन्हाळ्यात त्याला ऑगस्टात रजा मिळाली.

"दहा वर्षं झाली लग्नाला," तो जेवताना म्हणाला, "आणि मी सासूला अजून फोटोतच बघतोय. ह्या वेळी रिबिन्स्क. पोरांना शहर दाखवू, व्होल्गा दाखवू."

"नदी इथेही आहे," झोया म्हणाली.

"ही? ह्या नदीत बदक पोहत नाही, उभं राहतं."

मुलं खिदळली. झोयाने मागच्या नऊ उन्हाळ्यांत नऊ कारणं काढली होती. मूल लहान आहे, रजा नाही, आईचं घर लहान आहे, गाडीत गर्दी असते. आता तिच्याजवळ दहावं उरलं नव्हतं.

ती त्या घरातून निघाली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्यानंतर एकदाच गेली होती, तीन दिवसांसाठी, तेही पंधरा वर्षांपूर्वी. आईचं पत्र दर महिन्याला यायचं. बटाटे किती निघाले, शेजारणीची गाय कशी आहे, छप्पर कुठे गळतं. खाली सही, "तुझी आई पेलागेया", जणू नाव घातलं नाही तर ओळख पटणार नाही. झोयाही तसंच उत्तर लिहायची. पोरं बरी आहेत, थंडी पडली. दोघींच्या पत्रांत एक नाव कधी आलं नाही. तास्या.

तास्या झोयाची धाकटी बहीण. घर हलवलं त्या वर्षी ती चार वर्षांची होती.

ते वर्ष एकोणचाळीसचं. गावाला सांगून ठेवलं होतं की इथे समुद्राएवढं पाणी येणार, घरं उचला. ज्यांची घरं भक्कम होती त्यांनी ती ओंडका ओंडका सुटी केली. झोयाचे वडील त्रोफीम सुतार. त्यांनी प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीने खुणा पाडल्या. एक रेघ, दोन रेघा, रेघेवर फुली. नव्या जागी घर जसंच्या तसं उभं राहावं म्हणून. मग त्या ओंडक्यांचाच तराफा बांधला, तराफ्यावर फळ्यांची खोपटी ठोकली, खोपटीत चूल, पेटारा, कोंबड्यांची टोपली. बकरी बाहेर बांधली. आणि आपल्याच घराच्या भिंतींवर बसून चौघं व्होल्गेतून रिबिन्स्कच्या दिशेने निघाली. त्या उन्हाळ्यात नदीवर असे तराफे एकामागून एक चालले होते, अख्खा गाव पाण्यावर आडवा होऊन चालल्यासारखा.

आईने खोपटीतून आवाज दिला होता, "झोये, हिला धर."

झोयाने धरलं होतं. तास्याचा हात चिकट होता, कसल्याशा गोड पोळीने. मग वरून पांढरी बोट आली. प्रवाशांची बोट, मॉस्कोकडून फिरायला निघालेली. डेकवर पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं होती आणि ती हात हलवत होती. झोया आठ वर्षांची. इतकी पांढरी बोट तिने पाहिली नव्हती. तिनेही हात हलवले. दोन्ही.

बोट गेली आणि तिच्या मागून लाट आली. तराफा उचलला गेला, ओंडके मधोमध फाकले आणि पुन्हा मिटले. बस, तेवढंच. पाण्याने आवाज केला नाही, तास्यानेही केला नाही. वडिलांनी उडी मारली. मागच्या तराफ्यांवरच्या माणसांनी मारल्या. तराफा वाळूला लावून दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "चला." कारण मागच्यांना वाट हवी होती.

रिबिन्स्कच्या कडेला मोलोगेकरांना जागा दिली होती. तिथे त्याच ओंडक्यांचं घर उभं राहिलं. दुसरं लाकूड आणणार कुठून? ज्या ओंडक्यावर तास्या बसली होती त्यावर सात रेघा आणि एक आडवी खूण होती. घरात तो चुलीमागच्या भिंतीत आला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. झोया नऊ वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून झोपली. भिंतीला ती कधी टेकली नाही. तास्याचं नाव घरात कुणी घेत नसे. तिचा फ्रॉक पेटाऱ्यात नव्हता, कुठे गेला माहीत नाही. वडील बेचाळीस साली रझेव्हजवळच्या लढाईत पडले. आई दोरखंडाच्या कारखान्यात लागली. आईने झोयाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि झोयाला वाटायचं, एकदा तरी द्यावा. एकदा तोंडावर म्हणावं, तू हात सोडलास. आई म्हणायची, "मीठ संपलंय." आई म्हणायची, "दार लोटून घे."

ते सहन होईना म्हणून झोया उरलच्या डोंगरांत निघून गेली, जिथे मोठं पाणी नाही आणि गाड्या रुळांवरून चालतात.

तर अशा त्या घरी ती नवरा आणि दोन मुलं घेऊन चालली होती.

त्या वर्षी पाऊस नव्हता. दलदली वाळून पेटल्या होत्या आणि जमिनीच्या पोटात जळत होत्या. रिबिन्स्कच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. सगळ्या शहराला जळक्या मातीचा वास.

आई फाटकात उभी होती. लहान झाली होती, वाळलेल्या शेंगेसारखी.

"आलीस," आई म्हणाली.

"आले," झोया म्हणाली.

आर्काडीने मात्र सासूला दोन्ही हातांनी उचलूनच घेतलं. "आई, तुम्ही फोटोत उंच दिसता हो!"

"फोटोत खाली पेटी ठेवली होती," म्हातारी म्हणाली, आणि मुलं लगेच तिची झाली.

घरात शिरल्याबरोबर रोद्याला भिंतीवरच्या खुणा दिसल्या. "आजी, घरावर हे कुणी कोरलं?"

"तुझ्या आजोबांनी. घर मोडून पुन्हा जोडताना चूक होऊ नये म्हणून."

"म्हणजे हे घर सुटं होतं?"

"सुटं होतं. पाण्यातून आलं."

"बोटीसारखं?"

"बोटीसारखं."

आर्काडी तर हरखूनच गेला. त्याने कॅमेरा काढला, बोटांनी रेघा मोजल्या, एक ओंडका वाजवून बघितला. "काय काम आहे! शंभर वर्षं हलायचं नाही. झोया, तू कधी बोलली नाहीस ह्याबद्दल?" झोया पिशव्या उपसत होती. मुलं भिंतभर बोटं फिरवत खुणा शोधत होती आणि ती दोघं चुलीमागे गेली तेव्हा तिने त्यांना हाक मारून बाहेर काढलं. कशासाठी, ते तिला पटकन सुचलं नाही. "हात धुवा," ती म्हणाली.

जेवणानंतर रोद्या चुलीमागच्या बाकावर आडवा झाला आणि झोपला. पाठ भिंतीला लावून, त्याच ओंडक्याला. झोयाने वाकून त्याला उचलायला हात घातला.

"राहू दे," आई मागून म्हणाली. "तिथे गार असतं."

झोयाने आईकडे पाहिलं. आई टेबल पुसत होती. हिला ठाऊक आहे, झोयाच्या मनात आलं. कुठला ओंडका ते हिला ठाऊक आहे, आणि ती रोज तिथे बसते. बाकावर आईची उशी होती.

दुसऱ्या दिवशी शहर बघायचं ठरलं. आर्काडीने कुठूनशी एक पुस्तिका पैदा केली होती आणि तो पुढे चालत मोठ्याने वाचत होता. आगीवर नजर ठेवायचा लाल मनोरा बघितला. नदीकाठची धान्यबाजाराची जुनी इमारत बघितली, तिच्या छपराची रंगीत कौलं धुरातही चकाकत होती. पुलाजवळचा उंच घंटामिनार बघितला. धुरामुळे त्याचं टोक दिसत नव्हतं. झेन्या म्हणाली, "बाबा, ह्याला वर संपायचं विसरले." रस्त्यात पिंपातून क्वास विकणारी बाई होती, सगळ्यांनी ते आंबूस पेय गटागटा प्यायलं. आइस्क्रीम झालं. आजी डोक्याला पांढरा रुमाल बांधून शेवटी चालत होती आणि पुस्तिकेत नसलेलं सांगत होती. "ह्या पायरीवर तुझे आजोबा पडले होते. प्यायले नव्हते, पायरीच तिरकी आहे."

झोयाने दोन्ही मुलांची मनगटं धरली होती. काठावर लोखंडी कठडा होता, तरी तिने त्यांना आतल्या बाजूने चालवलं. व्होल्गा तिला दिसत होती, पण ती तिच्याकडे बघत नव्हती. डोळ्याच्या कोपऱ्यात कुणी उभं असावं, तशी ती नदी तिच्याबरोबर चालली होती.

मग धुरातून बोट आली. पांढरी, दोन मजली, मॉस्कोकडून आलेली. डेकवर गर्दी होती, गाणी लागली होती. कठड्यापाशी मुलं होती आणि ती हात हलवत होती. रोद्याने आपलं मनगट हिसडून सोडवलं. झेन्याने पण. दोघं उड्या मारत हात हलवायला लागली.

झोयाने झेन्याच्या हातावर फटका मारला. असा जोरात की आवाज आला.

"खाली! हात खाली!"

झेन्या रडलीही नाही, इतकी दचकली. रोद्याचा हात हवेत तसाच राहिला. क्वासवाली बाई बघायला लागली. आर्काडी पुस्तिका मिटून जवळ आला.

"झोया? काय झालं?"

"काही नाही. ऊन लागलं."

"ऊन? ऊन आहे कुठे?"

तेव्हा आई पुढे आली. तिने झेन्याचा हात आपल्या हातात घेतला, चोळला, आणि जावयाकडे बघत म्हणाली, "आमच्या आळीतला येगोर लुकिच उद्या लाँच घेऊन मोलोग्याला चाललाय. पाणी उतरलंय. रस्ते दिसायला लागलेत म्हणतात. मी जाणार आहे."

"मोलोग्याला? बुडालेल्या गावात?" आर्काडीचे डोळे मोठे झाले. "आम्हाला घेईल?"

"चार माणसांची जागा आहे. पोरं मांडीवर बसतील."

"मी नाही येणार," झोया म्हणाली.

"नको येऊ," आई म्हणाली. "पोरांना मी बघते."

आणि हे ऐकल्यावर झोयाला जावंच लागलं.

धरणाच्या वरच्या अंगाला, पेरेबोरी नावाच्या भागात, येगोर लुकिच लाँच घेऊन थांबला होता. पासष्टीचा, दात थोडे, जीभ तिखट. तोही मोलोग्याचाच.

"या या, चला माहेरी," तो पेलागेयाला म्हणाला. "गावचा कारभार हल्ली मासे बघतात. आधीच्यांपेक्षा बरा बघतात."

"हळू बोल, येगोर. जावई नवीन आहे."

"नवीन? दोन पोरांचा बाप नवीन कसला?"

झोयाने मुलांना आपल्या कमरपट्ट्याने एकमेकांशी आणि स्वतःशी बांधलं. आर्काडी हसला नाही. कालपासून तो बायकोकडे चोरून बघत होता. अडीच तास पाणी आणि धूर. काठ दिसेना, आभाळ दिसेना, इंजिनाचा आवाज परत त्यांच्याच अंगावर यायचा. मुलं कंटाळून गप्प झाली. मग येगोर लुकिचने इंजिन बंद केलं आणि लाँच घसरत जाऊन खरखरत थांबली.

गाव गुडघ्याहून उंच नव्हता. चिखलाचा माळ, त्यावर विटांची खुंटं, वाकलेली लोखंडी जाळी, शिंपल्यांचे ढीग. पण मधून फरसबंदी रस्ता जात होता, धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. तो धुरातून निघून धुरात जात होता. पेलागेया खाली उतरली आणि थांबली नाही. रोज बाजाराला जाणाऱ्या बाईसारखी रस्त्याच्या उजव्या कडेने चालायला लागली.

"हा पाववाला. इथून वळायचं. इकडे कुत्रं असायचं, भुंकायचं फार." रिकाम्या जागेपासून ती थोडी लांबूनच गेली, कुत्र्याला चुकवून.

मुलांचा पट्टा झोयाने सोडला. इथे पाणी लांब होतं, घोट्याएवढं. मुलं शिंपले वेचायला लागली. आर्काडी आणि येगोर लुकिच जाळीपाशी फोटो काढत राहिले.

घराची जागा आईने शोधून काढली. चार पायाचे दगड आणि उंबरठ्याचा एक. आई उंबरठ्याच्या दगडावर बसली, पिशवीतून मासा भरलेली पोळी काढून मुलांना तुकडे दिले. मुलं तुकडे घेऊन पुन्हा रस्त्यावर पळाली. झोया उभीच होती.

"बस," आई म्हणाली. "तुझंच घर आहे."

झोया बसली. दोघी रस्त्याकडे बघत होत्या, एकमेकींकडे नाही.

"तू निघून गेलीस तेव्हा मी अडवलं नाही तुला," आई म्हणाली. "कुठल्या तोंडानं अडवणार होते? म्हटलं, हिला माझं तोंड बघवत नाही. खरंच आहे तिचं."

"तुझं? काय बोलतेस?"

"शालीची गाठ मी सोडली होती."

झोयाला समजेना. "कसली शाल?"

"तास्याला शालीनं बांधलं होतं. खोपटीच्या खांबाला. तुझ्या बापानं बजावलं होतं, रिबिन्स्क येईस्तोवर सोडायची नाही. ती रडत होती, काचतंय म्हणून. मी सोडली. आणि तुला म्हटलं, धर हिला. आठ वर्षांच्या पोरीला म्हटलं. स्वतः आत चुलीपाशी गेले."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या दोघींमध्ये उच्चारलं गेलं होतं, आणि आईने ते इतक्या सहज उच्चारलं की झोयाला कळलं, ही एकटी असताना ते रोज उच्चारते.

"शाल नव्हती, आई."

"होती. करडी."

"मला नाही आठवत. मला माझे हात आठवतात. दोन्ही वर होते. मी त्या बोटीला हात करत होते. तिला मी सोडलं, आई. तू नाही."

"तुझे हात मी पाहिले नाहीत. माझी पाठ होती."

"मी सांगतेय ना."

"तू लहान होतीस. तुला काय आठवणार?"

"आठवतं! तेवढंच आठवतं!" झोयाचा आवाज चढला. मुलांनी वळून पाहिलं. तिने आवाज खाली आणला. "मला वाटायचं तू म्हणशील. रोज वाटायचं, आज म्हणेल."

"आणि मला वाटायचं तू म्हणशील."

आईने रुमालाच्या टोकाने उंबरठ्यावरचा गाळ पुसायला सुरुवात केली.

"आणि बाबा?" झोयाने विचारलं.

"तो म्हणायचा, माझी बांधणी सैल होती. आणखी दोन दोर आवळले असते तर लाटेनं ओंडके फाकले नसते. आघाडीवरून शेवटचं पत्र आलं, त्यातही तेच. मी ते तुला वाचून दाखवलं नाही."

झोयाच्या डोळ्यांसमोर वडील आले. युद्धावर जायच्या आधी एका रविवारी ते अंगणात दोर वळत बसले होते. कशासाठी ते तिने विचारलं नव्हतं. घरात तीन माणसं होती. तिघंही आपापल्या कोपऱ्यात, आपापला गुन्हा कवटाळून, बाकीच्या दोघांच्या तोंडून निकाल ऐकायची वाट बघत बसली होती. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट इतकी वर्षं जी गोष्ट तिला पक्की ठाऊक होती तीच पायाखालून सरकली. शाल होती का? करडी? हात धरला होता तो तास्याचाच ना? गोड चिकट हात, तो हात खरा होता का? एवढा एक हात तिच्याजवळ उरला होता.

"चला रे!" येगोर लुकिचने धुरातून हाक मारली. "वारा फिरतोय. अजून उशीर केला तर वाट दिसायची नाही."

झोया उठली, स्कर्ट झटकला आणि सवयीने मुलं मोजली. रस्त्यावर, वीसएक पावलांवर, धुरात वाकलेल्या आकृत्या होत्या, शिंपले वेचत. एक, दोन, तीन. सगळी आहेत. तिने आईला हात देऊन उठवलं, पिशवी उचलली, मुलांना हाक मारली आणि चालू लागली. मनात काही खटकलं नाही. उलट फार वर्षांनी कुठेतरी बरोबर जुळल्यासारखं वाटलं, घर नीट बंद करून निघाल्यावर वाटतं तसं.

लाँचमध्ये बसल्यावर ती पट्टा बांधायला लागली. झेन्या. रोद्या. पट्ट्याचं टोक हातात उरलं आणि ती तशीच थांबली.

"अजून कोण होतं तुमच्याबरोबर?" तिने झेन्याला विचारलं.

"कुठे?"

"रस्त्यावर. शिंपले वेचताना."

"कुणी नाही. आम्हीच."

"रोद्या?"

रोद्याने खिशातले शिंपले मांडीवर ओतले होते. तो मान वर न करता म्हणाला, "आम्हीच."

झोयाने येगोर लुकिचकडे पाहिलं. "इथे आज दुसरं कुणी आलं होतं का?"

"असेल. पलीकडच्या टोकाला मगाशी इंजिन ऐकलं मी. हल्ली येतात लोक पोराबाळांना घेऊन. दिसलं मात्र कुणी नाही." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली.

लाँच सुटली. मागे रस्ता धुरात मिटला. वारा थोडा पडला तसं झोया उठून उभी राहिली, आर्काडीने तिला धरलं. "बस, बाई, बस. काय हवंय?" ती मागे बघत राहिली. आईने स्कर्ट धरून तिला खाली बसवलं.

"मी दर खेपेला मागे बघते," आई हळूच म्हणाली. "आज बघितलं नाही. तू होतीस म्हणून."

"तू आधीही आलीस इथे?"

"दोनदा."



परतीच्या गाडीत, मुलं वरच्या बाकांवर खेळत असताना, झोयाने आर्काडीला सगळं सांगितलं. आईचं, वडिलांचं, स्वतःचं. तीन मोजलेली मुलंही सांगितली. तो हसरा माणूस खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "मी ओंडका वाजवून बघितला गं," आणि त्याचे डोळे भरले. घरी गेल्यावर त्याने फिल्म धुतली. शहराचे फोटो चांगले आले होते. मोलोग्याच्या फोटोंत धूर होता, आणि एकात सासूचा पांढरा रुमाल.

त्यानंतर झोया दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन रिबिन्स्कला जायला लागली. मायलेकी पुन्हा त्या विषयावर भांडल्या. म्हणजे भांडल्याच. आई म्हणायची शाल होती, झोया म्हणायची नव्हती. एकदा बटाटे सोलताना आई इतकी चिडली की सुरी टेबलावर आपटून म्हणाली, "माझं आहे ते माझ्याकडे राहू दे ना! तुला सगळंच कशाला हवं?" झोया थक्क होऊन बघत राहिली. मग दोघी हसल्या, रडल्या आणि बटाटे जळले. भुताखेतावर आर्काडीचा विश्वास नव्हता आणि झोयाचाही नव्हता. पण त्या दिवशी धुरात तिसरं कुणाचं मूल होतं, हे ती कधी शोधायला गेली नाही. पलीकडच्या होडीतल्या कुणाचं असेल. येगोर लुकिचने चौकशी करून देतो म्हटलं, तर तिने त्याला नको म्हणून सांगितलं.

शहाहत्तरच्या फेब्रुवारीत पेलागेया साविश्ना गेली. चुलीमागच्या बाकावर, दुपारी, डोळा लागल्यासारखी. वसंतात बर्फ वितळल्यावर झोया थडग्याचा दगड घडवायला शहरातल्या एका पाथरवटाकडे गेली. तिने कागदावर नावं लिहून नेली होती. आईचं. वडिलांचं, ज्यांचं थडगं कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तिसरं तास्याचं, पूर्ण नाव घालून: तायिसिया त्रोफीमोव्हना.

पाथरवट चष्मा कपाळावर चढवून वाचत गेला. "हिची तारीख?"

झोयाने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला तारीख माहीत नाही. दिवस माहीत नाही, महिनाही धड माहीत नाही. बोट पांढरी होती हे माहीत होतं. गाव उठत होता, कुणी कुठे नोंद केली नव्हती. आईला माहीत असणार, आणि आईशी तिने शालीवरून चार उन्हाळे वाद घातला, पण हे विचारायचं राहून गेलं.

ती येगोर लुकिचकडे गेली. तो खाटेला खिळला होता. "जून असेल," तो म्हणाला. "डास होते. आमचा तराफा नंतर आठवड्याने निघाला. पण निघाला कधी, ते..." त्याने हात पसरले.

ती पुन्हा पाथरवटाकडे आली. "एकोणीसशे एकोणचाळीस घाला."

"नुसतं?"

"नुसतं."

त्याने खडूने दगडावर आखून दाखवलं. सालाच्या आधी त्याने चार बोटं जागा कोरी सोडली होती.

"ही कशाला?" तिने विचारलं.

"असू दे," तो म्हणाला. "घरात कुणाला आठवली तर घालता येईल."

झोयाने त्या जागेवर हात ठेवला. दगड गार होता. मग ती म्हणाली, "असू दे," आणि बाहेर आर्काडी मुलांना घेऊन उभा होता तिकडे गेली.